रहाटपाळण्याचा तोल

आमच्या घरच्या पुरुषांना कंपनीचा भोंगा झाला की दुसरं काही ऐकू येत नाही. भीमजयंतीलासुद्धा माझ्या नवऱ्याला, साहेबरावांना, दुसरी शिफ्ट होती. तरी जाता जाता खात्यातली सगळी टोळी घेऊन मेळ्यातल्या रहाटपाळण्यात बसले, तेही एकमेकांना लागून चार पाळण्यांत. वेगळं बसायला यांना काय धाड भरते कोण जाणे. त्यांच्या पुढच्या पाळण्यात माझी नीला आणि सासूबाई. मला चक्कर येते, म्हणून मी खालीच.

भोंगा झाला. टोळीनं उतरायचा गलका केला आणि पाळणेवाल्या कोंडाजीनं एकामागून एक त्यांचे चारही पाळणे रिकामे केले. हातानं फिरवायचं चाक ते. एक बाजू पोकळ, दुसरी माणसांनी भरलेली. भरलेली बाजू खाली ओढू लागली. कोंडाजीनं चाकाच्या कडेला लाकडी दांडा रेटला, तरी चाक करकरत सरकतच होतं. नीला अगदी वर. चाक सुटलं असतं तर पोर गोफणीतल्या दगडासारखी फेकली गेली असती.

"माघारी या सगळे," कोंडाजी म्हणाला. "रिकाम्या बाजूला लटका."

टोळी कंपनीच्या फाटकाची वाट चालू लागली होती. मी पदर खोचून आडवी गेले. "माझी पोर वर हाय. आधी तिला उतरवा, मग जा कंपनीत मरायला."

साहेबराव मागे धावले आणि खालच्या पाळण्यात बसले. बाकीचे रिकाम्या बाजूला लोंबकळले. त्यांच्या भारानं चाक हळूहळू उलटं फिरलं. रिकामा पाळणा खाली आला की दोघं आत बसत, पुन्हा दुसरा. दांडा घासून नुसता धुमसत होता. मधेच फाटक बंद व्हायचा भोंगा झाला. शिफ्ट बुडाली, तरी एकानंही हात सोडला नाही.

शेवटी नीलाचा पाळणा खाली आला. मी तिला ओढून छातीशी धरलं. सासूबाई उतरल्या आणि तिथंच मातीत बसल्या. मला आता फक्त तिथून पळायचं होतं.

"वहिनी, थांबा," कोंडाजी म्हणाला. "ह्यो पाळणा रिकामा वर धाडता येत न्हाई. ह्याच्या समोरचा साहेबरावांचा, आन् ते पार वर हायत. दांडा आता धरत न्हाई; समोर भार नसला तर चाक त्यांना घेऊनच सुटंल. ह्यात कुणीतरी बसून वर गेलं, तरच ते खाली येतील."

मी भोवती पाहिलं. एवढी गर्दी जमलेली, पण प्रत्येक जण आपल्या चपलांकडे बघत होता.

नीलानं माझा पदर मुठीत धरला होता. ती सोडेना. मी तिचं एकेक बोट सोडवलं, तिला सासूबाईंकडे दिलं आणि पाळण्यात बसले.

"फिरवा," मी म्हणाले.