जयाबाईचं कपाट

कांता पद्मावतीला कोणत्याच नावानं हाक मारत नसे. आई म्हणणं दूरच राहिलं, पण मावशी नाही, काकू नाही, साधं 'अहो'सुद्धा नाही. भूक लागली की चुलीपाशी येऊन उभी राहायची, वेणी घालायची असली की फणी पुढ्यात ठेवायची. आठ वर्षांची पोर, पण हट्ट असा की भल्याभल्यांनी हात टेकावेत.

पद्मावती काकतीची. माहेरी चार बहिणी, त्यात ही थोरली, म्हणून निपाणीच्या चंद्रप्पाला दुसरेपणावर दिली. चंद्रप्पाची तंबाखूची वखार घराला लागूनच. पहिली बायको जयाबाई तापानं गेली आणि तिच्यामागं राहिली ती ही कांता. लग्नाला वर्ष उलटलं तरी पद्मावती त्या घरात पाहुण्यासारखी जपून वावरत होती.

दसरा झाला आणि कांताचा मामा श्रीपाल चिकोडीहून आला. पद्मावतीला तो आक्का म्हणायचा. गेलेल्या बहिणीच्या जागी जी आली ती बहीणच, अशी त्यांच्या घरची रीत. त्या दिवशीही आक्का म्हणूनच त्यानं सांगितलं.

"आक्का, आई रोज पोरीची आठवण काढून रडती. दिवाळीच्या पाडव्यापतोर बघतो. रमली तर हितंच ऱ्हाऊ दे. न्हाय रमली तर मी घिऊन जातो."

सावत्र आईनं पोर घालवली, असं सगळी पेठ म्हणणार होती. म्हणू दे, लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? पण पद्मावतीचं दुखणं वेगळंच होतं. तिला पोरीचा लळा लागला होता. वेणी घालताना कांताची मान हातात यायची, तेवढ्यापुरती ती तिची असायची, आणि तेवढ्यावरही पद्मावती दिवस काढायला तयार होती.

रोज दुपारी कांता वखारीत गडप व्हायची. एकदा पद्मावती गुपचूप मागोमाग गेली. तंबाखूच्या पोत्यांआड एक सागवानी पलंग आणि आरशाचं कपाट उभं होतं. जयाबाईच्या लग्नात चिकोडीहून आलेलं हे सामान. ती गेल्यावर नजरेसमोर नको म्हणून चंद्रप्पानं ते तिथं नेऊन टाकलं होतं. कपाटाचं दार अर्धं उघडं होतं आणि दाराआड कांता बसली होती. नुसती तिची पावलं दिसत होती. पद्मावती आली तशी परतली, पण तिच्या मनानं घेतलं. पोरीचा जीव या लाकडात आहे तर हेच सामान घरात आणायचं आणि त्याच्याभोवती तिची खोली सजवायची. बेत चांगला होता, हे कोणीही कबूल करील.

"येवढ्याशा पोरीला येगळी खोली कशाला?" चंद्रप्पा म्हणाला. "आमी काय सायब हाय?"

"लोणच्याच्या बरण्यांना मागची खोली चालती, मग पोरीला नको म्हणू नगासा," पद्मावती म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे तो चढला होता, म्हणून असेल, चंद्रप्पा कबूल झाला. खोली होईपर्यंत कांताला त्यानं घरातच राहणाऱ्या तिच्या आत्याबरोबर स्तवनिधीच्या देवदर्शनाला धाडून दिलं.

मागची खोली रिकामी झाली. चुन्यात चिमूटभर नीळ घालून पद्मावतीनं स्वतः भिंती रंगवल्या. बेळगावच्या कॅम्पातून फुलांच्या छिटाचं कापड आणवलं, त्याचा खिडकीला पडदा केला आणि उरल्या तुकड्यांची बाहुलीला चादर. पाटीदप्तराला फळी ठोकून घेतली. एवढ्या हौसेनं तिनं स्वतःचा संसारही मांडला नव्हता.

शामू सुतारानं पलंग-कपाट अंगणात काढलं आणि नाकाला पंचा लावला.

"वैनी, तंबाखूचा वास लाकडात मुरलाय. रंधा मारल्याबिगर जायाचा न्हाय."

"मार की मग."

त्यानं कपाटाचं दार उघडलं आणि थांबला. दाराच्या आतल्या कडेला लाल बोटं उमटली होती. एकावर एक, वर्षानुवर्षांची. "ह्ये बी काढू?"

ते काय आहे हे पद्मावतीला सांगावं लागलं नाही. बाई कपाळाला मेण लावते, मेणावर कुंकू टेकवते आणि बोटाला उरलेलं हाताशी असेल त्या लाकडाला पुसते. काकतीला तिच्या आईचीही तशीच सवय होती, आणि दर दिवाळीला घासून ते साफ व्हायचं. मळच तो, असं तिनं मनाला सांगितलं. पण खरं बोलायचं तर ती बोटं पाहून तिला बरं वाटलं नव्हतं. खोली तिनं सजवायची आणि दार उघडलं की दुसरीचा हात दिसायचा, हे तिला नको होतं. दुष्टावा नव्हता त्यात, पण निव्वळ स्वच्छताही नव्हती.

"समदं काढ," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी कांता परतली. दिवस मावळायच्या आत जेवली आणि पेंगतच आत्याच्या कुशीत झोपली. सकाळी पद्मावतीनं बंब पेटवला, कढत पाण्यानं पोरीला न्हाऊ घातलं, वेणी घातली आणि हाताला धरून खोलीत नेलं.

कांता उंबऱ्यात थबकली. मग पुढं जाऊन तिनं पडद्याला हात लावला, बाहुलीची चादर वर करून पाहिली आणि हसली. वर्षभरात पद्मावतीनं ते हसू पहिल्यांदा पाहिलं. तिला तिथंच बसून रडावंसं वाटलं.

मग कांतानं कपाटाचं दार उघडलं आणि दाराआड गेली. बराच वेळ ती बाहेर आली नाही. आली तेव्हा थेट पद्मावतीकडं पाहून बोलली.

"हितलं कुंकू कुठं गेलं?"

"वास येत हुता, बाळ. शामूनं रंधा मारला."

"मी तितं बोट ठिवत हुते," कांता म्हणाली. "आईच्या बोटावर. माझं ल्हान पडत हुतं."

कांताला अजून आशा होती. "ढलप्या कुठं हायत्या?"

खोटं बोलता आलं असतं. शामूनं नेल्या म्हटलं असतं तर पोर त्याच्या दारात जाऊन बसली असती, एवढंच. "बंबात घातल्या," पद्मावती म्हणाली.

"कवा?"

"सकाळी. तुझ्या पाण्याला."

कांतानं आपले हात पाहिले. धुतलेले, अजून कढत पाण्यानं तांबूस असलेले. ती रडली असती तर पद्मावतीनं तिला पोटाशी धरलं असतं. पण ती रडली नाही. आत्याच्या खोलीत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडली, आणि त्या रात्री नव्या खोलीतल्या पलंगावर कोणी निजलं नाही.

पाडव्याला श्रीपाल बैलगाडी घेऊन आला. पोर रमली का, हे त्याला विचारावं लागलं नाही. कांता आपलं गाठोडं घेऊन ओसरीवर बसलीच होती. चंद्रप्पा वखारीत निघून गेला. त्याला असल्या वेळी नेहमी वखारीत काम निघायचं. पद्मावतीनं लाडवांचा डबा गाडीत ठेवला, वर घोंगडं ठेवलं, आणि ठेवायला आणखी काही उरलं नाही तेव्हा ती बाजूला झाली.

श्रीपालच्या मनात पाप नव्हतं. तो भलेपणानंच म्हणाला, "आक्का, पलंग-कपाट गाडीत बसंल. पोरीच्या आईचं हाय. न्हेऊ का?"

"न्या," पद्मावती म्हणाली. "तिचंच हाय ते."

"नको, मामा," कांता गाडीतून म्हणाली. मग तिनं पद्मावतीकडं पाहिलं. आवाजात राग नव्हता, असता तर सोसला असता. "आईचं न्हाय ते आता. तुमचं हाय."

श्रीपालनं मान खाली घातली आणि बैलांचे कासरे सैल सोडले. गाडी पेठेच्या वळणाला लागेपर्यंत पद्मावती दारात उभी होती. परत ये गं, एवढं म्हणायचं होतं तिला, पण ते कोणत्या नात्यानं म्हणावं हे तिला शेवटपर्यंत सुचलं नाही.