दारावरची मुकी बेल

मित्रांनो, मी दिल्लीतल्या द्वारकेत, एका सोसायटीच्या चौथ्या मजल्यावर, दारावर बसवलेली जुनी बेल आहे. राजाभाऊंनी मला भगीरथ पॅलेसच्या विजेच्या सामानाच्या बाजारातून हौसेने आणलं. माझा आवाज चिमणीचा. त्यांची मुलगी स्वानंदी येता-जाता मला उगाचच दाबायची आणि मलाही ते आवडायचं.

मग तिचा धाकटा भाऊ मानस चालू-फिरू लागला. तो ऑटिस्टिक आहे. मी वाजले की तो कान गच्च दाबून किंचाळायचा, भिंतीवर डोकं आपटायचा. राजाभाऊंनी माझी वायर काढली. बरोबरच केलं, मानसवर माझा राग नाही. दारावर चिठ्ठी लागली, ‘बेल खराब है, फोन कीजिए.’ फोन आईचा, म्हणजे वृंदाताईंचा, आणि तोही मानससाठी कायम सायलेंटवर! माझ्या जागी लुकलुकणारा एक दिवा लावता आला असता. पण स्वानंदीकडे कुणी येत असेल, हे त्या घरात कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

दहाव्या वाढदिवसाला तिने तीन मैत्रिणींना बोलावलं. नवा फ्रॉक घालून ती दाराशीच घुटमळत होती. तेवढ्यात आत फुगा फुटला आणि मानसने आकांत मांडला.

“स्वानंदी, तू बस ना त्याच्याजवळ. तुझंच ऐकतो तो,” वृंदाताई म्हणाल्या. राजाभाऊ घरी नव्हते. खोलीचं दार लावून मायलेकी त्याला शांत करत बसल्या.

मुली आल्या. त्यांनी मला दाबलं, पुन्हा दाबलं, दार ठोठावलं, फोन लावला. आत बंद खोलीत, मानसच्या रडण्यात, कुणाला काही ऐकू गेलं नाही.

“आंटी उठा ही नहीं रहीं. चलो यार, शायद कैंसल हो गया,” एकजण म्हणाली. भेटवस्तूची पिशवी कडीला अडकवून त्या निघून गेल्या. मी तिथेच होते आणि मला हूं की चूं करता आलं नाही. त्याची चीड मला अजून येते.

पिशवी पाहून स्वानंदी रडली नाही.

“सॉरी बेटा. तू समजूतदार आहेस ना?”

“हो आई, बिल्कुल.”

यंदा तिने कुणालाच बोलावलं नाही. वृंदाताई बहिणीला फोनवर कौतुकाने सांगत होत्या, “अगं, स्वानंदीचा कसला म्हणून हट्टच नसतो!”

मित्रांनो, असलं कौतुक मला ऐकवत नाही. घरात एका मुलाची काळजी मोठी असली, म्हणून दुसरं मूल मोठं माणूस होत नाही. तुमच्या वर्गात अशी कुणी असेल, तर बंद दार पाहून परत फिरू नका. थोडं थांबा. ती आत आहे आणि तिला बाहेर यायचंय.