किल्ली कोणाकडे

बुजांगने अर्ध्या नदीतच होडी वळवली, तेव्हा आतली माणसं गडबडली.

"अरे, कुठे निघालास?"

"घरी. मुलीचं डोकं उठलंय. गोळ्यांच्या पेटीची किल्ली माझ्याकडे आहे."

"डोकंच ना?" मासळीची टोपली मांडीवर घेऊन बसलेली म्हातारी म्हणाली. "माझं रोज दुखतं. कोणी होडी नाही वळवत."

बुजांगने इंजिनाचा वेग वाढवला. इंजिनाच्या आवाजात लेकीचे, सुरियानीचे, दोन फोन त्याला ऐकूच गेले नव्हते. पहिला वीस मिनिटांपूर्वीचा होता. गोळी घ्यायची तर दुखणं सुरू होताच, हे डॉक्टरीणबाईंनी तीनदा बजावलं होतं.

कुलूपही त्यांच्याच सांगण्यावरून आलं होतं. पंधरा वर्षांची पोर अर्धशिशीच्या जालीम गोळ्या मनाला येईल तशा घेत होती. आता गोळ्यांमुळेच डोकं जास्त दुखायला लागलंय, असं बाई म्हणाल्या. आठवड्यातून दोनच दिवस, वहीत वेळ लिहून, मोठ्या माणसाच्या हातून. बुजांगने त्याच संध्याकाळी भिंतीवर लोखंडी पेटी ठोकली आणि किल्ली गळ्यात अडकवली.

होडी धक्क्याला लावून तो घराच्या पायऱ्या चढला. सुरियानी न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर गाल टेकून पडली होती. त्याने पेटी उघडली, वही पाहिली, गोळी दिली. पाच मिनिटांत ती गोळी उलटीतून बाहेर पडली. आता? वहीत डॉक्टरीणबाईंच्याच अक्षरात लिहिलं होतं: उलटी झाली तरी लगेच दुसरी नाही.

त्याने पेटी पुन्हा बंद केली. नंतरचे चार तास तो दाराबाहेर बसून राहिला. आतून मधूनच कण्हणं ऐकू यायचं, मधूनच काहीच नाही. काहीच ऐकू आलं नाही की तो उठून डोकावायचा.

केकच्या कारखान्यातून त्याची बायको हमिसाह परतली. लोण्याच्या वासानेही लेकीचं डोकं उठायचं, म्हणून ती नेहमीसारखी जिन्याखालीच कपडे बदलून वर आली. सगळं ऐकून घेतलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "लोक तहान लागल्यावर विहीर खणतात. तुम्ही तर विहिरीलाच कुलूप लावलंत."



सकाळी सुरियानी उठून बसली. डोळ्यांखाली काळं, पण नजर ताळ्यावर आलेली. ती पेज पीत असताना बुजांगने गळ्यातली दोरी काढली आणि किल्ली तिच्यासमोर ठेवली.

"घे. लहान नाहीस तू आता. परत अशी माझी वाट बघत पडायला नको."

तिने हात पुढे केला नाही.

"रागावलीस?"

"नाही, बापा. पण नको मला."

"अगं, वही आहे, सगळं लिहिलेलं आहे. मी काही विचारणारसुद्धा नाही."

"काल किल्ली माझ्याकडे असती ना..." ती चमचा पेजेत फिरवत राहिली.

"तर दुसरी घेतली असतीस. कळतं मला. एवढं दुखत असल्यावर कोणीही घेईल."

"दुसरी नाही, बापा." तिचा आवाज अगदी साधा होता. "मी थांबलेच नसते. सगळंच थांबावं, एवढंच वाटत होतं."

बाहेर ओटीवर हमिसाहचा झाडू थांबला.

'वेड्यासारखं बोलू नकोस,' हे शब्द बुजांगच्या ओठांपर्यंत आले होते. ते त्याने गिळले. मग विचारलं, "कधीपासून वाटतं असं?"

"परीक्षेच्या आधीपासून. दुखत असतं तेव्हाच वाटतं. थांबलं की मग माझीच मला भीती वाटते."

"बरं केलंस सांगितलंस," तो म्हणाला. किल्ली उचलून त्याने पुन्हा गळ्यात घातली. दोरी कॉलरच्या आत सरकवली. हमिसाह आत आली, लेकीशेजारी बसली आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं.

धक्क्यावरून हाका सुरू झाल्या होत्या. "बुजांग! येतोस की पोहत जाऊ?"

त्याने खिडकीतून हात हलवून त्यांना दुसऱ्या होडीने जायला सांगितलं. फोन घेऊन दवाखान्याचा नंबर लावला.

"गोळ्या संपल्या का?" पलीकडून नर्सने विचारलं.

"नाही, गोळ्या आहेत. मला मुलीबद्दल बोलायचंय." त्याने वळून दोघींकडे पाहिलं. "बाईंना सांगा, आज काही करून वेळ काढा. आम्ही निघालोच आहोत. तिघंही."