फोनमधले गावंडे सर

जून लागला की पुसदच्या कॉलेजांतले सर लोक मोटारसायकली काढतात आणि पोरं धरायला गावोगाव हिंडतात. वर्ग भरला नाही तर वर्ग बंद, आणि वर्ग बंद म्हणजे तासांवर राबणारे सर घरी. मागच्या जूनमध्ये गावंडे सर आमच्या तांड्यावर आले ते मला धरायला.

त्यांच्याच हाताखाली मी ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली होती. मग पुसदला एका अभ्यासिकेत ग्रंथपाल म्हणून लागले. पुस्तकं द्यायची, कोणत्या परीक्षेला काय वाचायचं ते पोरांना सांगायचं. मला ते काम मनापासून आवडायचं. पण पोरं हळूहळू फोनलाच विचारू लागली आणि एक दिवस मालकाने माझ्या टेबलावर टॅब बसवला. "मॅडम, आता एआय सांगते सारं. तुम्ही कायले त्रास घेता?" म्हणाला. पगार बंद करण्याला या लोकांनी काय गोड शब्द शोधून ठेवलेत!

रडून झालं आणि मी नर्सिंगचा अर्ज भरला. यवतमाळला नंबर लागला. सर आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी ओरिजिनल कागद जमा करायची शेवटची तारीख होती. टीसी, मार्कशीट आणि फोटो पिशवीत घालून पिशवी खुंटीला टांगून ठेवली होती. ओरिजिनलचा संच एकच असतो. ज्या कॉलेजच्या कपाटात तो गेला, त्या कॉलेजचे तुम्ही झालात.

"बाबूसिंगभाऊ, पोरीले एम.लिब. करू द्या," सर चहा घेता घेता माझ्या वडिलांना, बापूंना म्हणाले. "आता त खरे दिवस आले आमच्या लाइनले."

मी काही बोलणार तेवढ्यात बापू फोन आणायला बाहेर टेम्पोकडे गेले. सर माझ्याकडे झुकले. केसांचा कलप घामाने कानशिलावर उतरला होता. "वर्षा, पोरं पुरून नाई राह्यले. वर्ग बंद झाला त या वयात मी कुठं जाऊ?"

बापूंना नर्सिंगची रात्रपाळी आधीच खुपत होती. आत येऊन ते म्हणाले, "तुयं एक, सरायचं एक. तिसऱ्याले इचारू."

तिसरा म्हणजे फोन. पाऊस येईल का, घाटंजीच्या बाजाराला कोणत्या रस्त्याने जावं, सगळं बापू त्याला विचारतात. एकदोनदा तो बरोबर निघाला, तेव्हापासून त्याचा शब्द म्हणजे तांड्याच्या नायकाचा शब्द.

"ग्रंथपालाचं शिकलं त पुढं काय?" बापूंनी फोन तोंडाजवळ धरून विचारलं. "हा एआय आल्यावर नोकरी भेटते का?"

फोन शुद्ध मराठीत बोलू लागला. "एआयच्या युगात ग्रंथालय पदवीधरांना सुवर्णसंधी आहेत. माहिती विश्लेषक, डिजिटल संग्रह व्यवस्थापक, संशोधन सहायक. खरा ग्रंथपाल हा ज्ञानदूत असतो..."

ज्ञानदूत! हा शब्द मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून कधी ऐकलेला नाही. गावंडे सर वर्गात आम्हाला ज्ञानदूत म्हणायचे आणि आम्ही मागच्या बाकांवर बसून हसायचो. कुणी काही सांगितलं की आधी विचारायचं, हे आलं कुठून? हेही सरांनीच शिकवलं होतं, आणि फार चांगलं शिकवलं होतं.

मी बापूंच्या हातातून फोन घेतला. उत्तराच्या खाली बारीक अक्षरात लिंक होती. ती दाबली तर सरांच्याच कॉलेजचं पान उघडलं. वर लेख, खाली लेखकाचं नाव आणि कोट घातलेल्या गावंडे सरांचा फोटो. माझा जीव भांड्यात पडला. सुटले म्हटलं!

"बापू, पाहा. हे फोनचं नाई. सरायनंच लिहेल हाय. त्यायचंच बोलणं फोन आपल्याले ऐकवून राह्यला."

सरांनी कपबशी खाली ठेवली. बापूंनी फोन डोळ्यांजवळ नेला. फोटो पाहिला, सरांकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. मग उठून उभेच राहिले.

"अरे देवा! सर, तुमचा फोटू हाय याच्यात! याडीले बोलाव वर्षा. फोनले साऱ्या दुनियेचं मालूम हाय, अन् त्यानं नाव सांगतलं कोणाचं? आपल्या गावंडे सराचं!"

"बापू, अहो, हे त सराले सराबद्दलच इचारल्यासारखं झालं."

"मंग? दुखण्याचं डॉक्टरलेच इचारतेत ना?"

मी सरांकडे पाहिलं. 'भाऊ, पोरं मिळावी म्हणून मी ते लिहिलं,' एवढंच त्यांनी म्हणायचं होतं. सरांनीही माझ्याकडे पाहिलं. मला त्यांची कीव आली आणि त्याच वेळी त्यांची गचांडी धरावीशी वाटली.

"ओरिजिनल द्या," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "अन् एक फोटो."

याडी म्हणजे माझी आई, तिने आतून येऊन खुंटीवरची पिशवी काढून त्यांच्या हातात दिली. यवतमाळची जागा दुसऱ्या कुणाला तरी गेली.

वर्ग चालू राहिला, सरांचे तासही. मी एम.लिब. झाले. आता घरीच असते, नाहीतर बापूंबरोबर टेम्पोत माल मोजायला जाते.

यंदा जून लागला आणि शेजारचे रूपसिंगकाका त्यांच्या पुष्पाला घेऊन आमच्याकडे आले. तिचाही नर्सिंगला नंबर लागलाय, आणि गावंडे सर त्यांच्याकडेही येऊन गेलेत. काकांनी मला काही विचारायच्या आतच बापूंनी फोन काढला.

फोनने सुवर्णसंधी सांगितल्या, ज्ञानदूत सांगितला, आणि या खेपेला आणखी एक गोष्ट सांगितली. उदाहरणार्थ, पुसद तालुक्यातील वर्षा राठोड या यशस्वी ग्रंथपाल आहेत. मी लिंक दाबली. सरांच्या फोटोखाली माझा फोटो होता, पिशवीतून दिलेला तोच.

"हे खोटं हाय काका," मी ओरडलेच. "मी घरी बसून हावो, तुम्हाले दिसत नाई का? पुष्पा, तू यवतमाळले जाय. आजच जाय."

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा फोनकडे.

"लाजते ते," बापू हसून म्हणाले. "सोताच्या तोंडानं थोडी सांगन?"

काकांनी मान हलवली आणि पुष्पाला गावंडे सरांना द्यायचे कागद आणायला घरी पाठवलं.