एमरिस आज-कुठे

वेल्समधल्या आमच्या खोऱ्यात एमरिस प्रॉसर नावाचे तिघे होते. एक दूधवाला, एक शाळेचा घंटावाला आणि तिसरा माझा भाऊ, एमरिस आज-कुठे. शनिवारी रग्बीच्या सामन्याआधी क्लबच्या दारात तो कर्णधाराला "आज कुठे?" एवढंच विचारायचा. पुढच्या फळीतल्या आठांपैकी कुणाचा खांदा निखळलेला असायचा, कुणाची खाणीत पाळी असायची. त्याच्या जागी एमरिस. एकोणीस वर्षं. संघाच्या जर्स्या मी धुवायची. चिखलाने सगळ्यांत जड झालेली त्याची, आणि तिच्यावरचा आकडा दर आठवड्याला वेगळा.

क्लबला शंभर वर्षं झाली तेव्हा प्रत्येक जागेचा सर्वोत्तम खेळाडू मतांनी निवडायचं ठरलं. नावं फलकावर लागणार होती. निकाल सांगायला चिटणीस इदवाल घरी आला.

"सहा जागांवर दुसरा आलास, एमरिस! असा विक्रम कुणाचा नाही."

"मग दुसऱ्यांचाही फलक करा."

"लाकूड संपलं रे."

एमरिस हसला. इदवाल गेल्यावर मात्र खोकत म्हणाला, "त्याच भिंतीला टेकून बूट बांधले, अन् भिंतीवर माझं एक अक्षर नाही. मी जाणार नाही."

चौदाव्या वर्षी चॅपेलमध्ये दारू न शिवण्याची शपथ घेतल्यापासून मी क्लबचा उंबरा ओलांडलेला नव्हता. तरी म्हणाले, "मी येते सोबत. दारापर्यंत."

 तो बूट पुसायला बसला.

समारंभाच्या दिवशी मी दारातच उभी राहिले. फलक उघडला. आता पुढच्या फळीसाठी निवडलेल्या आठांना आकड्यांप्रमाणे उभं करून फोटो घ्यायचा होता. आठांतले चार वारले होते. त्यांच्या जागा मोकळ्या ठेवल्या, तर त्यांतल्या इवानची बायको ब्लॉडवेन उठलीच.

"माझ्या माणसाची जागा अशी ओकीबोकी? त्याचा गुडघा गेला तेव्हा कोण खेळलं होतं?"

सगळ्यांनी एमरिसकडे पाहिलं.

"मग आमच्या बाबांच्या जागी कोण होतं? तोच की!" मागून एक मुलगी ओरडली. आणखी दोन घरं भांडायला उठली.

फोटोवाला वैतागला. "एक माणूस चार ठिकाणी कसा उभा करू?"

"त्याने आयुष्यभर दुसरं काय केलं?" इदवाल म्हणाला.

एमरिसने टोपी काढून बाकावर ठेवली. "आज कुठे?"

"एक नंबरपासून सुरुवात कर, बाबा."

चार फोटो निघाले. मध्ये दोनदा त्याला दम खायला बसावं लागलं. कुणी घाई केली नाही.

पुढच्या वसंतात तो गेला. फलकावर त्याचं नाव नाही. खाली चार फोटो आहेत, प्रत्येकात तीन जागा मोकळ्या. धुतलेल्या जर्स्या द्यायला मी दाराशी गेले की एखादा नवखा खेळाडू विचारतो, "आजी, हा म्हातारा दर फोटोत जागा का बदलतो?"

"त्याला जिथे सांगितलं, तिथे तो उभा राहिला," मी म्हणते आणि जर्स्या मोजून देते.