तेवढे डोळे उघड

सावळारामने खिळ्यावरून चित्र उतरवलं, उलटं केलं आणि खुर्चीवर आपटलं. कारण वर्गातला दौलतराव. त्या माणसाने चित्रासमोर उभं राहून दोन्ही हात जोडले होते, मान खाली घातली होती आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं होतं,

"राव, हार आणायचा राहिला का?"

सगळं विरंगुळा केंद्र हसलं. हसण्यासारखं होतंही. पिंपळे गुरवच्या या केंद्रात म्हाताऱ्यांचा चित्रकलेचा वर्ग चालायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याचं प्रदर्शन होतं. वर्ग घेणाऱ्या तेजस्विनी मॅडमनी सगळ्यांना घरातल्या माणसाचा चेहरा काढायला सांगितला होता, तोही त्याला समोर न बसवता, नुसता आठवून. सावळारामच्या बायकोने, तानाबाईने, नवऱ्याला काढलं. कपाळ त्याचं, मिशी त्याची, उजव्या कानाची फाटकी पाळीसुद्धा त्याचीच. फक्त डोळे मिटलेले. त्यात मॅडमनी भोवती काळ्या कागदाची चौकट चिकटवलेली. बघणाऱ्याला दुसरं काय वाटणार?

मुळात या वर्गाला यायचंच सावळारामच्या जिवावर आलं होतं. रिटायर झाल्यापासून तो घरात बसून भाजीपासून लिफ्टपर्यंत सगळ्याला नावं ठेवायचा. शेवटी सुनेने, रोहिणीने, दोघांचंही नाव या वर्गात घातलं. तानाबाई रमली. सावळाराम मात्र विषय कुठलाही असो, दोन डोंगर आणि मधून उगवणारा सूर्य काढायचा. चेहऱ्याच्या वेळीही त्याने तेच काढून दिलं आणि वर माणूस डोंगरापलीकडे गेलाय म्हणून सांगितलं. मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला होता.

आता त्याच मॅडमपुढे तो तणतणत होता. उद्या मुलगा रविराज येणार, सुनेच्या माहेरचे येणार, चाकणहून भावकी येणार. जिवंत माणसाला भिंतीवर टांगून त्याची शोभा करायची म्हणजे काय? डोळे उघडे झाले तरच चित्र लागेल, नाहीतर तो घरी घेऊन जाणार. मॅडमना अजून खुर्च्यांचं बघायचं होतं आणि माइक सकाळपासून कुरकुरत होता. त्यांनी तानाबाईच्या हातात खोडरबर ठेवलं, तेवढे डोळे उघडून द्या काकू, म्हणाल्या आणि सुटका करून घेतली.

तानाबाई टेबलाशी बसली. तिने पापण्या पुसल्या, डोळे काढले. ते घुबडासारखे झाले. पुन्हा पुसले. या खेपेला ते धाकट्या दिरासारखे दिसायला लागले. तिसऱ्या खेपेला तर सावळाराम सरळ गणपतीच दिसू लागला. कागदाला लव सुटली. मागे उभ्या सावळारामच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कान जमतो, मिशी जमती, आन् डोळंच कसं जमत न्हाईत? उभा जन्म बघतीस न्हवं मला?"

"कवा बघितलं?" तानाबाईने मान वर केली नाही. "तुमी नाइट करून यायचा, भाकरी खायचा आन् झोपायचा. पोरं दंगा करत्याल म्हणून मी उशाशी बसायची. तवा बघायची. उठला की चालला कंपनीत."

"फर्स्ट शिफ्ट बी असायची की."

"मग ओव्हरटाइम असायचा. आन् जागेपणी तोंडाकडं बघायची सोय हुती व्हय? तुमच्या आई समोर बसल्याल्या असायच्या."

सावळाराम आणखी चिडला. त्याने खुर्ची ओढली, तिच्या समोर ठेवली आणि छाती पुढे काढून बसला.

"बघ आता. बघ आन् काढ."

ती बघायला लागली. सावळाराम आधी पंख्याकडे बघत राहिला, मग माइकवाल्याकडे, मग खिडकीकडे. कोणी आपल्याकडे इतकं टक लावून बघण्याची त्याला सवय नव्हती. मानेला घाम आला.

"हिकडं बघा," तानाबाई म्हणाली. "माझ्याकडं. त्याबिगर कसं काढू?"

नाइलाजाने त्याने तिच्याकडे बघितलं. तिचे डोळे घारट होते. हे त्याला ठाऊक होतं की नव्हतं, ते त्याचं त्यालाच सांगता येईना. डाव्या भुवईत मधेच एक पांढरी फट होती. तिथे केस नव्हते, जुना व्रण होता, चांगला नखाएवढा.

"हे काय लागलंय तुला?"

"कुठं?"

"भिवईला."

तिने पेन्सिल थांबवली नाही. "ते व्हय. पत्रा लागला हुता, न्हाणीचा. रवी रांगत हुता तवा."

"मला कसं म्हाईत न्हाई?"

"तुमी झोपला हुता," ती म्हणाली. "म्हणून वरडले न्हाई. हलू नका."

तो हलला नाही. रवीला, म्हणजे रविराजला, आता कानावर पांढरे केस आले होते. माइकवाला हॅलो हॅलो करत राहिला. सावळारामचे डोळे चुरचुरायला लागले आणि ती समोरूनच बघत असल्यामुळे त्याला ते पुसताही येईनात.

"पूस ते," शेवटी तो म्हणाला.

"आता तर जमायला लागलेत."

"पूस. हुतं तसं मिटलेलंच काढ."

"आन् लोक?"

"लोकांचं मी बघतो."

तानाबाईने डोळे पुसले आणि पापण्यांच्या दोन रेघा ओढल्या. त्यासाठी तिला त्याच्याकडे बघावं लागलं नाही.

सावळारामने चित्र उचललं, बाहीने त्यावरची रबराची भुकटी झटकली आणि ते परत खिळ्याला लावलं. जरा डावीकडे कललं होतं, ते सरळ केलं. चहाचा कप घेऊन फिरणारा दौलतराव पुन्हा तिथे येऊन थांबलाच.

"डोळे राहिलेच की, राव."

"हळू बोल," सावळाराम म्हणाला. "नाइट करून आलाय."