विचारून जाणारा माणूस

"प्रश्न अकरावा," मी फॉर्मवरून वाचलं. "या वाटेनं जाण्यासाठी तुम्ही जमीनमालकाची परवानगी कधी मागितली होती का?"

"म्हणजे काय, मागितलीच की," क्लेमंट हॉब्डे म्हणाला. "दर बुधवारी."

मी पेन खाली ठेवलं. पोस्टाच्या खिडकीशी त्याच्यामागं फक्त मॉड प्रुएट होती, पण मॉड असली की रांग भरल्यासारखी वाटते. भाचीला पाठवायचं पार्सल तिनं वजनकाट्यावर आपटलं.

"क्लेम, अरे गाढवा," ती म्हणाली. दोघं एका शाळेतली, एका बाकावरची. "नाही म्हण. एवढा एक शब्द."

"पण मी विचारायचो ना."

"कुणी ऐकलंय?"

"मिस्टर व्हेसींनी."

"ते मेले!"

"म्हणून काय झालं? विचारलं तेव्हा जिवंत होते."

आमच्या हॅसल खुर्दला दफनभूमी नाही. जमीन अशी पाणथळ, की दोन फूट खणलं की तळं होतं, आणि मेलेल्या माणसाला निदान कोरडं ठेवावं असं पूर्वजांना वाटलं असणार. त्यामुळे माणसं इथं जन्मतात आणि पुरायला हॅसल बुद्रुकच्या चर्चात नेतात. रस्त्यानं तीन मैल, व्हेसींच्या शेतातून एक. शेकडो वर्षं शवपेट्या शेतातूनच गेल्या. मध्ये ओकच्या झाडाखाली एक सपाट दगड आहे, विसाव्याचा. पेटी त्यावर टेकवायची, खांदे बदलायचे, आणि कुणाच्या खिशात बाटली असली तर ती फिरवायची. या वाटेनं गेलेली शेवटची पेटी क्लेमंटच्या आज्याची. नंतर मोटार आली, आणि मोटारीला नांगरट मानवत नाही.

इतकी जुनी वाट सरकारी नकाशात का नाही, याचं कारणही आमच्यासारखंच. सत्तरेक वर्षांमागं सरकारनं गावोगावच्या पायवाटांची यादी मागवली. आमची पंचमंडळी दोन संध्याकाळ बसली. गिरणीची वाट लिहिली, तळ्यामागची लिहिली, जिच्यावरून फक्त बदकं जातात तीही लिहिली. ही नाही लिहिली. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट कशाला लिहायची? बुद्रुकच्या चर्चच्या वहीत कोण कधी पुरला ते आहे; कुठल्या वाटेनं आला ते नाही.

तीन वर्षांपूर्वी व्हेसी वारले आणि शेत लंडनच्या स्टॅनर्डनी घेतलं. माणूस वाईट नाही. घोड्यांवर जीव. दोन वर्षं त्यांनी कुणाला अडवलं नाही. मग त्यांनी घोड्या आणल्या, फाटकाला कुलूप घातलं आणि पाटी लावली: 'खाजगी. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' क्लेमंट विचारायला गेला, तर म्हणाले, "आजोबा, घोड्या बुजतात. विमेवाले ऐकत नाहीत."

मग मॉडनं कायदा शोधून काढला आणि जिल्ह्याहून वाटेच्या दाव्याचा फॉर्म मागवला. वीस वर्षं लोक राजरोस, कुणाला न विचारता एखाद्या वाटेनं गेले, तर ती वाट त्यांची. विचारून गेले, तर ती मालकाची मेहरबानी. म्हणजे बेधडक घुसणाऱ्याला हक्क, आणि टोपी काढून उभं राहणाऱ्याला उपकार. कायदा कुणी केला माहीत नाही, पण तो आमच्या गावचा नसावा.

गावात माणसं दीडशे, पण सगळी गाडीत बसणारी. वीस वर्षं नेमानं त्या वाटेनं चाललेला माणूस एकच. क्लेमंटनं जन्मभर लोकांच्या शेतांना जिवंत झुडपांची कुंपणं विणली. बायको डोरीन गेली त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून दर बुधवारी जॅमच्या बरणीत परसातली फुलं घालून तो तिच्याकडे जायचा. हिवाळ्यात फुलं नसली तर लाल फळांच्या काटेरी हॉलीची फांदी. आधी व्हेसींच्या स्वयंपाकघराचं दार वाजवायचं. "साहेब, जाऊ का?" आतून वर्तमानपत्रामागून आवाज यायचा, "जा बाबा, जा." एकदा व्हेसी तापानं झोपले होते, तर हा पाऊण तास पायरीवर बसून राहिला. पलीकडे गेला की फाटक ओढून घ्यायचा आणि कडी सैल म्हणून वरून सुतळीची गाठ मारायचा.

स्टॅनर्ड आल्यावर पहिल्याच बुधवारी त्यानं त्यांचंही दार वाजवलं होतं.

आता तो एकोणऐंशीचा. गुडघे गेलेले. बस शुक्रवारी एकदा, तीही लहर लागली तर. रस्त्यानं तीन मैल जाऊन तीन मैल यायचं म्हणजे बुधवार संपलेच.

मी अकरावा प्रश्न कोरा ठेवला. कोरं म्हणजे खोटं नव्हे, अशी मनाची समजूत घातली. पोस्टात बसून माणूस असलं काही शिकतो. क्लेमंटनं चष्म्याशिवाय सही केली.

सुनावणी गावच्या हॉलमध्ये झाली. जिल्ह्याहून अधिकारी बाई आल्या होत्या. मॉडनं केक केला होता, लाच म्हणावी इतका मोठा. स्टॅनर्ड मागं, दाराजवळ बसले होते.

"मिस्टर हॉब्डे, अकराव्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय," बाई म्हणाल्या.

मॉडला खोकल्याची अशी उबळ आली, की कुणीतरी पाणी आणायला धावलं. क्लेमंट तिचा खोकला संपेपर्यंत थांबला. मग टोपी काढून उभा राहिला.

"विचारायचो मी, बाई."

"प्रत्येक वेळी?"

"तर. दुसऱ्याचं शेत. न विचारता कसं जायचं?"

"आणि त्यांनी नाही म्हटलं असतं तर?"

त्यानं विचार केला. "तर रस्त्यानं गेलो असतो."

बाईंनी लिहून घेतलं. त्यांना लिहायला फार वेळ लागला. केकला त्यांनी हात लावला नाही.

"सहाशे वर्षांची वाट," बाहेर आल्यावर मॉड म्हणाली, "आणि या शहाण्यानं सहा शब्दांत बुडवली."

क्लेमंट माझ्याकडे वळला. "बेरिल, ते उत्तर लिहायचं राहिलं वाटतं तुझ्याकडून."

"हो," मी म्हटलं.

"होतं असं कामाच्या गडबडीत," तो म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं.

दीड महिन्यानं पत्र आलं. वाट नाही. मॉड म्हणाली, "आता परत जाऊन विचार त्या स्टॅनर्डला." क्लेमंट म्हणाला, "एकदा नाही म्हणालेत. पुन्हा विचारणं म्हणजे पेचात टाकणं."

सप्टेंबरातल्या एका बुधवारी मी बुद्रुकहून गाडीनं परत येत होते. स्टॅनर्डांचं फाटक सताड उघडं होतं. चाऱ्याचा ट्रक येऊन गेला असावा. चिखलात चाकांच्या खुणा ताज्या होत्या. फाटकासमोर क्लेमंट उभा, हातात बरणी. आत ओक दिसत होता, खाली दगड, आणि थेट पलीकडे चर्चचं टोक. अंगणात एकही गाडी नव्हती.

"कुणी आहे का?" त्यानं घराकडे तोंड करून हाक मारली. थांबला. पुन्हा हाक मारली.

दोन घोड्या फाटकाच्या रोखानं चालत येत होत्या.

क्लेमंटनं बरणी गवतात ठेवली. फाटक बाहेरून ओढून घेतलं आणि खिशातून सुतळी काढून गाठ मारायला लागला. एक घोडी येऊन त्याच्या बाहीचा वास घेत होती. मी काच खाली केली.

"बसा, बुद्रुकला सोडते."

"तू तर तिकडूनच आलीस."

"परत जाते."

"नको गं," तो म्हणाला. "गाडीत पाणी सांडेल."

त्यानं गाठ एकदा ओढून पाहिली. मग बरणी दोन्ही हातांत धरून, पाणी हिंदकळू नये अशा बेतानं, रस्त्याच्या कडेनं चालायला लागला.